तिसरी कडी

बिदरपासून कलबुर्गीपर्यंतच्या मुलखात एक डोळा मिटून जगाकडे बघणारी जेवढी म्हणून माणसं असतील, त्या सगळ्यांत आमचे साडू पहिले. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एक डोळा मिटून बघण्यामागे लोकांचे हेतू नाना प्रकारचे असतात आणि त्यांतले निम्मे चारचौघांत सांगण्यासारखे नसतात. पण आमच्या साडूंचा हेतू एकच. समोरची वस्तू सरळ आहे की वाकडी, एवढंच त्यांना बघायचं असतं. आणि ती वाकडीच निघते. विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या, पंगतीतल्या पत्रावळी, सरपंचांचा फेटा, काही म्हणता काही त्यांच्या परीक्षेत पास झालेलं मी पाहिलेलं नाही. या जगात सरळ असं फार थोडं आहे आणि जे आहे ते बहुतेक आपणच केलेलं आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात. मी आणि माझी होणारी बायको मंचावर हात जोडून उभे, भंतेजी वंदना म्हणतायत, आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ डावा डोळा मिटून उजव्यानं थेट माझ्याकडे बघतायत. नवरदेवात काहीतरी खोट दिसली असणार म्हणून मी आणखी ताठ उभा राहिलो. तेवढ्यात ते उठले, मंचावर चढले, आम्हा दोघांच्या मधून वाट काढत मागे गेले, भिंतीवरची बुद्धाची तसबीर दोन बोटं डावीकडे सरकवली आणि खाली येऊन बसले. "झुकली होती," एवढंच शेजारच्याला म्हणाले. लग्न मग पुढं सुरू झालं. त्या लग्नाचा व्हिडिओ अजून घरात आहे आणि ऐन वेळी त्यात नवरानवरीच्या मधोमध साडूंची पाठ दिसते. त्यावरून मी कधी कुरकुर केली की बायको म्हणते, "पाठ दिसली तर दिसली. तसबीर तर सरळ दिसायलीय ना?"

साडूंची नोकरी सर्व्हे खात्यात. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद, या तालुक्यांतली शिवारं साखळीनं मोजण्यात त्यांचा उभा जन्म गेला. बांधावर तीन झेंड्या रोवायच्या, एक डोळा मिटायचा आणि मागच्या दोन झेंड्या पुढचीच्या आड जाईपर्यंत झेंडीवाल्याला उन्हात नाचवायचं, हे त्यांचं काम. "तिन्ही मिळून एक झेंडी दिसली, की बांध खरा," असं म्हणायचे. एकमेकांचं डोकं फोडायला निघालेले भाऊभाऊ त्यांच्या त्या एका डोळ्यापुढं मुकाट बसत. मराठी, कन्नड, दखनी आणि औरादकडची तेलुगू अशा चार भाषा त्यांना अस्खलित येतात. मात्र चारही भाषांत मिळून ते मुख्यतः "थोडं डावीकडं" एवढंच बोलतात.

असा माणूस निवृत्त होऊन चोवीस तास घरात बसला तर काय होईल? पहिल्या महिन्यात भालकीच्या त्यांच्या घरातली कॅलेंडरं, आरसे, कपाटं आणि कुंड्या सरळ झाल्या. दुसऱ्या महिन्यात ते भाकरीच्या चळतीकडे वळले. तेव्हा अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, "आता घरात सरळ करायची मीच तेवढी राहिलेय. मला एखाद्या दिवशी कोपऱ्यात सरकवून ठेवतील बघ."

अक्कांची गोष्ट वेगळी. त्या भालकीजवळच्या मेहकरकडच्या, मांजरा नदीच्या पाण्यावर वाढलेल्या. लहानपणी भावांबरोबर कळकाची काठी घेऊन दिवसदिवस काठावर बसायच्या आणि त्यांना मासा नुसता लागत नाही, तो त्यांचं ऐकतो, असं माहेरची माणसं सांगतात. साडूही पूर्वी ताटात मरळ पडली की दोन भाकरी जास्त खायचे. पण निवृत्तीच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील घेताना ते पहिल्याच शीलापाशी अडकले. प्राणिहत्या करणार नाही, हे वाक्य जन्मभर सगळ्यांबरोबर म्हणत आलेले. पण त्या दिवशी सर्व्हे खात्यातल्या माणसाला या वाक्याची हद्द कुठवर जाते ते एकदा मोजून बघावंसं वाटलं, आणि हद्द थेट ताटापर्यंत आली. त्या दिवसापासून मांसमासळी बंद. अक्कांनीही तेच शील त्याच दिवशी घेतलं होतं, पण त्यांची हद्द जरा अलीकडेच पडली. "मरळ दिसली की माझ्यानं राहवत न्हाई," त्या सरळ सांगतात. "पुढच्या पौर्णिमेला परत घेते की."

अशात अक्कांनी बिदरच्या बाजारातून मासे धरायची एक तयार काठी आणली. ज्यांनी ही वस्तू नीट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काठीवर बुडापासून शेंड्यापर्यंत लहान लहान होत जाणाऱ्या कड्या बसवलेल्या असतात. बुडाजवळच्या चरखीवर गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, त्या कड्यांतून ओवून शेंड्याबाहेर काढायची आणि तिच्या टोकाला गरी, म्हणजे गळाचा आकडा, बांधायची. कड्या एका रेषेत असल्या तर तंगूस सळसळत सुटते; एखादी तिरकी असली तर तिथं घासते, फेक आखूड पडते, आणि मोठा मासा लागला की घासल्या जागीच तुटते. साडूंनी ती काठी हातात घेतली, डावा डोळा मिटला, बुडाकडून बघितलं आणि खाली ठेवली. मग म्हणाले, "ही काठी है का जिना?" अक्कांचा चहा होईपर्यंत त्यांनी ब्लेडनं सगळ्या कड्या उतरवून ठेवल्या होत्या. त्या दिवशी अक्का कारंजा धरणावर जाऊ शकल्या नाहीत, आणि त्यानंतर भालकीत कुणाचीही वाकडी काठी सुखानं नांदली नाही.

कड्या लावण्याची त्यांची रीत बघायला मी मुद्दाम राजेश्वरहून बसनं जायचो. मी तिथल्या शाळेत मास्तर. एवढ्या शांतपणे काम करणारा माणूस मला दुसरीकडे बघायला मिळत नाही. आधी काठीचा कणा शोधायचा. काठीचं बूड जमिनीला टेकवायचं, मधोमध तळहातानं दाबायचं आणि ती हळूहळू फिरवायची. एका जागी ती अडते आणि उसळी मारते. तिथं तिचा कणा. "काठीला असतोच. माणसांत शोधावा लागतो," असं म्हणून ते माझ्याकडे बघत. मग शेंड्याची कडी लाखेनं बसवायची, काडी ओढून लाख नरम करायची, कडी कण्यावर आणायची. ही पहिली झेंडी. बाकीच्या कड्या तिच्याकडे बघून लावायच्या, आधी नुसत्या चिकटपट्टीनं धरायच्या, आणि काठी खिडकीकडे करून एका डोळ्यानं आरपार बघायचं. सगळ्या कड्या एकीत एक जाऊन मधे उजेडाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. ठिपक्याची चंद्रकोर झाली की कुठली तरी कडी हलली. मग "थोडं डावीकडं" सुरू. सकाळी दहाला बसलेला माणूस एका काठीतच जेवणाची वेळ गाठायचा. मग प्रत्येक कडी दोरा गुंडाळून काठीला बांधायची; तो दोरा शेजारी बसून अक्का धरत.

दोरा यायचा चिटगुप्प्याहून. तिथले एक टेलर, सगळे त्यांना चाचा म्हणतात, स्वतः कारंजा धरणाचे जुने गिऱ्हाईक. ब्लाउज शिवून उरलेल्या रेशमी दोऱ्यांच्या गुंड्या ते साडूंना आणून देत. त्यामुळे धरणाच्या काठावर बसलेल्या निम्म्या पुरुषांच्या काठीवर कुणाच्या ना कुणाच्या बायकोच्या ब्लाउजचा रंग असतो. माझ्या काठीवर राणी रंग आहे. शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांचं यावर बरंच काही बोलून झालेलं आहे.

दोरा गुंडाळून झाला की तो पक्का करायला वरून बिनरंगी नेलपॉलिश. ते आणायला साडू स्वतः कासाराच्या दुकानात जात. बांगड्या भरायला आलेल्या बायकांच्या गर्दीत साठी ओलांडलेला, टोपी घातलेला माणूस बसतो, पाच-सहा बाटल्या मागून घेतो, उजेडात धरून एकेकीला एका डोळ्यानं न्याहाळतो. कासारानं पहिल्या खेपेला विचारलं, "घरात कुणाला पायजे?" साडू म्हणाले, "काठीला." कासार शहाणा माणूस; त्यानं पुढं कधीच काही विचारलं नाही.

आता पेच असा, की प्राणिहत्या वर्ज्य आणि दिवसभर मासे धरायच्या काठ्या मांडीवर. साडूंनी यावर तोडगा काढला होता. त्यांच्या फाटकाला चहापत्तीचा एक रिकामा डबा टांगलेला होता. येणाऱ्यानं गरी काढून त्या डब्यात टाकायची आणि मगच काठी आत आणायची. उंबऱ्याच्या आत गरी नाही. "मासा लागतो गरीला," ते मला समजावत. "कडीला मासा लागलेला कधी ऐकलाव का, गुरुजी? मी कड्याचा माणूस." अक्का आतून म्हणत, "विळीला धार लावून द्यायची आन् भाजी मी चिरली न्हाई म्हणायचं."  यावर ते काठी खिडकीकडे करून बघत राहत. अक्कांसाठी मात्र ते दर पावसाळ्याआधी नवी काठी बांधायचे, आणि अक्का मासे घेऊन आल्या की "किती लागले?" असं न चुकता विचारायचे. ऐकून खूश व्हायचे आणि मग स्वतःच्या ताटातलं वरण कालवायचे.

पाचसहा वर्षं हे छान चाललं. मग गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला; डावा तर आधीपासूनच अधू. त्यांनी कबूल केलं नाही, पण बघणाऱ्याला कळत होतं. चहा कपाशेजारी ओतायचे आणि "कप सरकवला कुणी?" म्हणायचे. एकदा रस्त्यात लांबून मला ओळखून हात केला, खुशाली विचारली, बराच वेळ बोलले. मी त्यांच्या मागून येत होतो आणि समोर पाण्याची टाकी होती. बिदरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं, तर हे तिथंच विचारते झाले, की आत जी काच बसवणार तिचा मध्य बरोबर मधोमध येईल याची खात्री काय, आणि तो कशानं बघणार? डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, मशीननं. "मशीन कोण सरळ करतंय?" साडू म्हणाले, आणि उठून आले.

घरी येऊन त्यांनी आपला निकाल जाहीर केला. "डोळा गेला असता तर कड्या वाकड्या बसल्या नसत्या का, गुरुजी? लोकानं काठ्या आणून माझ्या तोंडावर टाकल्या नसत्या का? एक तरी परत आलीय का?" खरंच एकही परत आली नव्हती. उलट कौतुकच होत होतं. चाचा तर चिटगुप्प्याहून मुद्दाम येऊन सांगून गेले होते, "अण्णा, तुमारे हात की काठी में तंगूस ऐसी भागती, क्या बोलूं." साडूंनी ते मला तीनदा ऐकवलं.

मी चक्रावलो. ज्याला पाण्याची टाकी आणि स्वतःचा साडू, म्हणजे मी, यांतला फरक दिसत नाही, त्याला त्या चिमुकल्या कड्यांमधून उजेडाचा ठिपका कसा दिसतो? माझ्या काठीची तिसरी कडी निखळली होती, ती लावायला दिली होती. रविवारी घ्यायला गेलो. साडूंनी मोठ्या ऐटीत काठी हातात दिली. मी फाटकापाशी डब्यातून गरी काढत होतो, तोच घराच्या बाजूनं अक्कांनी हळूच हाक मारली. "गुरुजी, ती काठी घेऊन मागच्या दारानं या. चपला काढून या, आवाज होतोय."

मागं धुण्याच्या दगडाशेजारी पाट टाकलेला. त्यावर ब्लेड, चिकटपट्टी, दोऱ्याच्या गुंड्या, आणि नेलपॉलिशची दुसरी बाटली. अक्कांनी काठी घेतली, डावा डोळा मिटला आणि बघितलं. अगदी नवऱ्यासारखं बघितलं. "बघा, तिसरी कडी कुणीकडं तोंड करून बसलीय," म्हणाल्या आणि सरळ ब्लेडनं तिचा दोरा कापला.

"अक्का, हे काय करायलाव तुमी?"

"वर्ष व्हायला आलं गुरुजी. प्रत्येक काठी इथून जाती. त्यांच्यासारखंच गुंडाळते, त्यांच्यासारखंच टोक आत घेते. दोरा धरून धरून शिकले." त्यांचे हात चालूच होते. "पहिली वाकडी काठी चाचानं परत आणली होती. फाटकातच गाठले त्यानला, म्हणलं, एक शब्द बोलू नका. आमच्या ह्यानला कळालं तर जेवण सोडतील. दुसरं काय है ह्यांच्याकडं?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक पुढच्या दारानं शाबासकी देत होते आणि मागच्या दारानं काठी सरळ करून नेत होते. इतक्या लोकांनी मिळून एका माणसाला इतक्या मायेनं फसवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.  मीही शपथ घेतली आणि त्यांत सामील झालो. त्या तिसऱ्या कडीचा दोरा मीच धरला.

मग महिन्याभरानं मला चष्म्याचा नंबर काढायचा होता. सोबत म्हणून साडू बिदरला आले. डॉक्टरांनी त्यांना ओळखलं आणि आग्रहानं पुन्हा तपासलं. साडू आत असताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मोतीबिंदू फार पिकलाय. आता आत दाब वाढला तर नंतर ऑपरेशन करूनही नजर परत येईल असं मी सांगू शकत नाही, उशीर करू नका. मी घाबरलो. साडू टोपी सारखी करत बाहेर आले आणि दारातच मला म्हणाले, "घाबरवतंय ते पोरगं. तुमी सांगा. तुमच्या काठीची कडी मी लावून दिली ना? कशी है ती?"

तोंडावर आलं होतं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली होती, पण नजर माझ्या कानाशेजारून कुठं तरी पलीकडे जात होती. मी म्हणालो, "एकदम सरळ है, अण्णा."

"मग?" ते म्हणाले, आणि खुशीत पायऱ्या उतरायला लागले. शेवटची पायरी त्यांना दिसली नाही. मी दंड धरला म्हणून पडले नाहीत. मला माझी फार लाज वाटली.

भालकीला त्यांना सोडलं आणि मी मागच्या दारानं अक्कांकडे गेलो. त्या लसूण सोलत होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. म्हणालो, "अक्का, काठ्या परत येत न्हाईत म्हणून ते थांबल्यात. आपण त्या सरळ करून द्यायलोत आन् त्यांचा डोळा चाललाय."  अक्का लसणाच्या पाकळ्या पाकळ्यांत आणि टरफलं टरफलांत टाकत राहिल्या. मग म्हणाल्या, "येत्या रविवारी सकाळी धरणावर या. त्यानला मी आणते."

साडू धरणावर कधी येत नसत. पन्नासेक काठ्या बांधलेल्या माणसानं पाण्यात काठी टाकलेली कधी बघितलीही नव्हती. त्या रविवारी आले ते छत्री घेऊन, आणि पाण्याकडे पाठ करून एका दगडावर बसले, म्हणजे कुणाचा जीव जाताना दिसायला नको. अक्का त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि काठी पुढं केली. "उठा. ही टाका."

"मी? माझं शील है."

"गरी बांधली न्हाई. नुसतं शिसं है टोकाला. शिशानं कुणी मरत न्हाई."

त्यांनी टोक चाचपून खात्री करून घेतली. मग उठले, काठी झेंडीसारखी ताठ उभी धरली आणि फेकली. शिसं मागं माझ्या पायाशी येऊन पडलं. मी हसलो नाही; त्या दिवशी हसू येत नव्हतं. दुसऱ्यांदा बरी फेकली. तंगूस खर्र करत सुटली, मधेच अडली, आणि शिसं पाच-सात पावलांवर डावीकडं पाण्यात पडलं. साडूंचे हात थांबले. चरखी फिरवून त्यांनी तंगूस आत घेतली. पुन्हा तोच खर्र आवाज. तिसऱ्यांदा त्यांनी फेकली नाही. चरखी दाबून धरली आणि अंगठ्यानं शेंड्यापासून एकेक कडी चाचपायला लागले. पहिली, दुसरी. तिसरीवर अंगठा थांबला. चौथीवर जास्त वेळ थांबला. पुन्हा शेंड्यापासून सुरू केलं.

"हिरवा दोरा है का हिला?" त्यांनी विचारलं. हिरवा होता. "म्हणजे मागल्या सोमवारी मीच बांधली ही."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "तुमी जशी दिलाव तशी आणलीय. हिला मी हात लावला न्हाई."

"तू कामून हात लावशील?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी पाण्याकडं बघितलं. मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या सगळ्याला लावलाय. वर्ष झालं."

साडू खाली बसले, काठी मांडीवर घेऊन.  मग मला म्हणाले, "तुमी बी, गुरुजी? डॉक्टराच्या दारात विचारलं होतं मी तुमाला."

"चुकलं, अण्णा," मी म्हणालो. 

"एका शब्दानं सांगायचं होतंस की," ते अक्कांना म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"काठी देताना तुमचं तोंड बघायचे मी," अक्का म्हणाल्या. "ते मोडवलं न्हाई मला. आता मोडलं. डोळा जाण्यापरीस बरं."

आता हे उठून चालायला लागणार, असं मला वाटलं. पण त्यांनी काठी अक्कांच्या हातात दिली आणि विचारलं, "कड्या लावताना बुडाकडून धरतीस का शेंड्याकडून?"

"शेंड्याकडून. तुमीच शिकवलाव."

"मग बरं है," साडू म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "चला, उद्या त्या पोराकडं जाऊ."

ऑपरेशन झालं. आत जाताना ते डॉक्टरांना "मधोमध" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा अक्का, मी आणि माझी बायको तिघंही त्यांच्या खाटेभोवती उभे होतो. साडूंनी डोळे उघडले. हळूच डावा मिटला. समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "ते घड्याळ उजवीकडं झुकलंय." अक्का तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. माझी बायको रडत रडत हसत होती. नर्सनं स्टूल आणून घड्याळ सरळ केलं. माझ्या डोळ्यांना तर ते आधीपासून सरळच दिसत होतं.

त्यानंतर त्यांनी वर्षभरातल्या सगळ्या काठ्या तपासायला परत मागवल्या. फाटकाचा डबा गऱ्यांनी भरून गेला. एकेक काठी खिडकीकडे करून बघायचे आणि "बरं है" म्हणून परत द्यायचे. त्यांच्या तोंडून "बरं है" ऐकायची वाट बघता बघता तालुक्यातले झेंडीवाले निवृत्त झालेले आहेत. अक्का दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि आत जायच्या. आता काठ्या दोघं मिळून करतात. ते बघतात, त्या गुंडाळतात. मागचं दार नुसतं धुण्याला.

माझी काठी शेवटी आली. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. ब्लेड उचललं.

"काय झालं, अण्णा?"

"तिसरी कडी. केसभर डावीकडं है."

"मग करा की सरळ."

त्यांनी त्या राणी रंगाच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. आतून मरळ तळल्याचा वास येत होता. मग ब्लेड खाली ठेवलं. "मला दिसत नव्हतं तवा तिनं लावलीय ही," ते म्हणाले. "राहू द्या. आयुष्यात एक कडी राहू द्या."

ती कडी अजून तशीच आहे. तंगूस तिथं जराशी घासते, मला बोटाला कळतं. परवा कारंजावर एक मोठी मरळ लागली, अर्धा तास झुंजली, आणि काठाशी आल्यावर तंगूस नेमकी घासल्या जागी तुटली. मी रिकाम्या हातानं भालकीला गेलो आणि साडूंना झाला प्रकार सांगितला. ते खिडकीत काठी धरून बसले होते. ऐकून त्यांचं तोंड असं खुललं, की मी इतका खूश माणूस बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "चला, एक जीव वाचला," म्हणाले. मग त्यांनी दाराकडे बघितलं, अक्का आत भाकरी थापत होत्या, आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, "कडीमुळं तुटली म्हणून तिला सांगू नका, गुरुजी."

मी अजून सांगितलेलं नाही.